विचारून उजळायची दीपमाळ

आंबेखोलच्या जाखमातेला पाहुणे आले, की भिवा गुरव त्यांना आधी गाभाऱ्याकडे नेत नाहीत. आधी अंगणातली दीपमाळ दाखवतात. काळ्या दगडाची, खाली रुंद, वर निमुळती, अंगभर दिव्यांसाठी हात फुटलेली. तिचे सगळे हात वर्षानुवर्षांच्या तेलाने काळेकुळकुळीत झाले आहेत. दक्षिणेकडचा सगळ्यात खालचा एक हात मात्र कोरा आहे. त्यावर कधी पणती ठेवत नाहीत. त्याच दिशेला देवळाच्या पायऱ्या उतरून गेलं, की करवंदीच्या जाळीत घरांची नुसती जोती दिसतात, आणि त्यांच्या मधोमध तेलघाण्याचं दगडी उखळ उपडं पडलेलं आहे.

पाहुणे विचारतात, हे काय? मग भिवा पायरीवर टेकतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, बोलणं सावकाश. मध्येच कुणी घाई केली तर गप्प बसतात आणि पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ घेतात. ते सांगतात ती हकीकत अशी.

फार पूर्वी, राज्य कुणाचं होतं ते आता कुणी छातीठोक सांगत नाही, या जोत्यांवर तेल्यांची घरं होती. आपले नेहमीचे तेली नव्हेत. यांचे पूर्वज म्हणे कधी काळी गलबत फुटून या किनाऱ्याला लागले. माणसं थोडी वाचली, पोथ्या सगळ्या बुडाल्या. लाटांतून त्यांच्याबरोबर वर आलं ते एवढंच, एका देवाचं नाव घेणारी दोन ओळींची प्रार्थना आणि शनिवार. आज त्या लोकांना बेने इस्राएल म्हणतात. तेव्हा गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं. शुक्रवारी सूर्य कलला, की ते घाण्याच्या दाराला काथ्याची दोरी बांधायचे, ती शनिवारी सूर्य बुडेपर्यंत सुटायची नाही. गाव थट्टा करायचं, शनिवारी तेली भेटेल पण तेल भेटणार नाही. तेलीही हसायचे. थट्टा होती, पण तिच्यात काटा नव्हता.

त्या आळीत हनोजी तेली राहायचा. त्याची बायको सरूबाई. मूलबाळ नव्हतं. घरात दोघं आणि चांद्या नावाचा बैल. त्रिपुरी पौर्णिमेला देवीच्या दीपमाळेला उंडीचं तेल लागायचं, तेही त्याच वर्षीच्या नव्या बियांचं. घरातलं शिळं तेल चालत नसे. ते तेल गाळायचा मान हनोजीच्या घराण्याचा होता. देव त्याचा वेगळा, नमस्कारालाही तो कधी देवळात आला नाही, पण तेल द्यायला पायरीपर्यंत यायचा. बुधले खाली ठेवायचा, गुरवाला हाक मारायचा, गुरव ते आत न्यायचा. दोघांनाही यात काही विशेष वाटत नसे. सरूबाईला तर त्या एका रात्री अंगणात बसून टेकडीवरचे दिवे बघायला फार आवडायचं. आमचं तेल जळतंय, म्हणायची.

एका वर्षी त्रिपुरी शनिवारी आली. हनोजीने दरवेळच्या शिरस्त्याप्रमाणे शुक्रवारी दिवस असतानाच तेल पोचतं केलं. तेव्हाचा गुरव धाकू, त्याने ते भांडारात ठेवलं. हनोजी घरी आला, दाराला दोरी बांधली, हातपाय धुतले. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे झालं.

गावाचा खोत अंताजी. त्याच्याकडे त्याच शुक्रवारी किल्ल्यावरचा सुभेदार पाहुणा आला. खोताला थाटमाट दाखवायचा होता. घर आतबाहेर उजळायचं होतं, आणि दिव्यांना तेल पुरेना. त्याने गडी पाठवून देवळाच्या भांडारातले बुधले उचलून आणवले. धाकू गुरवाने दिले. खोताला नाही म्हणायची त्याची काय टाप? देवीचं तेल रात्रभर खोताच्या ओसरीवर जळलं.

शनिवारी सुभेदार म्हणाला, तुमची दीपमाळ फार ऐकली आहे, ती बघून मग संध्याकाळच्या ओहोटीबरोबर होडीने निघेन. आता आली का पंचाईत! भांडारात तेल नाही, आणि ते कुठे गेलं हे गावाला सांगायची सोय नाही. खोताने सरळ उठवलं, की तेल्याने या वर्षी तेलच दिलं नाही, त्याला आपल्या देवीपेक्षा स्वतःचा शनिवार मोठा झाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पण खोताचं बोलणं गावभर फिरायला वेळ लागत नाही. दुपारपर्यंत शनवारतेली या शब्दातली थट्टा संपली होती आणि काटा तेवढा उरला होता.

सरूबाई अंगणात बसली होती. शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून कालचा भात पानात घेऊन. तेवढ्यात खोताचे प्यादे आणि मागे अर्धं गाव आळीत शिरलं. ज्यांच्या बाळंतपणात तिने हातभार लावला होता त्या बायाही त्यात होत्या. प्याद्यांनी काथ्याची दोरी कापली. सरूबाईने पुढे सांगितलं म्हणे, की त्या दिवशी पुढे जे झालं त्यातलं पुष्कळ तिला धुक्यातल्यासारखं आठवायचं, पण ती दोरी तुटताना झालेला आवाज स्पष्ट आठवायचा.

खोताने हुकूम दिला, बैल जोड आणि तेल काढ. हनोजीने हात जोडले. तो म्हणाला, "खोतानू, तेल काल दिलाय. धाकूला इचारा. तरी पायजे असंल तं दिस बुडला का मी सोता घाना धरतो. पयली धार देवीची. जरा वाट बघा, येवढाच मागतो."

सगळ्यांनी धाकू गुरवाकडे पाहिलं. धाकू खोताकडे पाहत होता. मग त्याने मान खाली घातली.

बघा, मागितलं होतं काय? सूर्य बुडेपर्यंतची सवड. दिवे तरी कधी लागतात? दिवस मावळल्यावरच. थोडा उशीर झाला असता, एवढंच. पण तेवढ्यात ओहोटी सरून गेली असती, सुभेदाराने दीपमाळ न बघताच तोंड फिरवलं असतं आणि खोताची शोभा झाली असती. भिवा गुरव इथे हमखास थांबतात आणि म्हणतात, देवीला घाई नव्हती हो, घाई खोताला होती. आणि खोताची घाई गावाने देवीची समजली.

प्याद्यांनी चांद्याला ओढून घाण्याला जोडलं. बैल जागचा हलेना. शनिवारी तो जन्मात जुंपला गेला नव्हता. त्याला मारलं, शेपटी पिरगाळली. असं सांगतात, की तो गुडघे मोडून उखळाशेजारी बसला आणि डोळे मिटून घेतले. गर्दीतलं कुणीतरी हसलं. त्या हसण्याने खोताचं डोकं फिरलं. तो म्हणाला, बैल बसला तर तेली आहे. हनोजीला घाण्याच्या आडव्या दांड्याला बांधलं.

हनोजीने पाऊल उचललं नाही. बैलासारखा तोही गुडघ्यांवर बसला. तेव्हा चौघांनी मागून दांडा रेटायला सुरुवात केली, आणि घाणा फिरू लागला. बांधलेला माणूस त्याबरोबर फरफटत गोल फिरू लागला. तो ती दोन ओळींची प्रार्थना म्हणत होता. उंडीच्या बिया चिरडल्याचा वास सुटला.

सरूबाई मध्ये धावली. प्याद्यांनी तिला धरलं. खोत तिच्याकडे वळला आणि मऊ आवाजात म्हणाला, की ते जनावर तुझं ऐकतं, तू बैल उठव, तो चालला की नवऱ्याला सोडतो. ते खरं होतं. चांद्या तिच्या हाकेने उठायचा. एक हाक मारायची, बस्स. तिने तोंड उघडलंही. तेवढ्यात दांडा तिच्या समोरून गेला आणि हनोजीने तिच्याकडे पाहिलं.

"सरू," तो म्हणाला, "बैलालापन शनिवार हाय."

तिने हाक मारली नाही.

हनोजी सूर्य बुडायच्या आधी गेला. केव्हा गेला ते रेटणाऱ्यांना कळलंसुद्धा नाही. ते आपले रेटतच होते. उखळाच्या मोरीतून धार सुटली, बुधला भरला, तो प्याद्यांनी वर देवळात नेला. सरूबाईने नवऱ्याला सोडवलं, घरात नेऊन निजवलं, अंगावर चादर घातली. तिला कुणी मदत केली नाही. माणसं वाईट होती म्हणून नव्हे. आपण काय केलं हे आता त्यांना दिसू लागलं होतं, म्हणून कुणी पुढे होईना.

वर दीपमाळेच्या पणत्या भरल्या. सुभेदाराची होडी बंदराला लागली होती. धाकू गुरव काकडा घेऊन पुढे झाला. म्हणे पहिली वात लावली, ती चरचरली आणि विझली. दुसरी लावली, तीही विझली. सगळ्या वाती धुरावल्या, एकही धरेना. कुणी म्हणतात तेलात पाणी उतरलं होतं. कुणी म्हणतात ते पाणी नव्हतं. सुभेदार होडीत बसून निघून गेला, तो वाट बघायला थांबला नाही. जिच्यासाठी एवढं केलं ती ओहोटी अशी रिकामीच गेली. खोत विझल्या दीपमाळेखाली उभा राहिला.

तेवढ्यात खालच्या आळीतून घाण्याची करकर ऐकू आली.

दिवस बुडाला होता. शनिवार संपला होता. सरूबाईने चांद्याला हाक मारली, तो उठला, तिने त्याला जोडलं. घरात नवरा झाकून ठेवलेला, आणि ती बाई बैलामागून फिरत होती. तिच्या धर्मात मृताच्या घरी कामाला हात लावत नाहीत. तिने तेवढा एक नेम त्या दिवशी मोडला. प्रहरभर घाणा चालला. गाव वर अंगणात उभं राहून तो आवाज ऐकत होतं. कुणी घरी गेलं नाही, कुणी खालीही उतरलं नाही.

मग ती बुधला घेऊन पायऱ्या चढून आली. शेवटच्या पायरीवर, जिथे हनोजी दरवर्षी ठेवायचा तिथेच, तिने तो ठेवला. धाकू गुरव पुढे झाला आणि तिच्या पायाशी बसला. सगळ्या गावासमोर रडत म्हणाला, की तेल काल आलं होतं, मीच ठेवून घेतलं होतं, मीच खोताला दिलं. सरूबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती दीपमाळेकडे बघत होती.

"माज्या धन्यानं सबूद दिला व्हता, दिस बुडला का तेल देतो," ती म्हणाली. "हा त्याचा तेल. तुमी फकस्त एकदा इचारायचा व्हता."

एवढं बोलून ती उतरून गेली. त्या तेलाने दीपमाळ उजळली. खालच्या हातापाशी आल्यावर धाकूचा हात पुढे जाईना. तिथून सरळ सरूबाईचं अंगण दिसत होतं. त्याने दीपमाळेचा तो हात तसाच कोरा सोडला. असं सांगतात, की त्या रात्रीइतके दिवे पुन्हा कधी लखलखले नाहीत, आणि ते बघायला तिच्या अंगणात कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेल्यांनी हनोजीला खाडीकाठी पुरलं, उखळ उपडं केलं, आणि गुरंढोरं, भांडीकुंडी घेऊन सगळी आळी निघून गेली. गावाने त्यांना थांबवायला तोंड उघडलं नाही. कोणत्या तोंडाने उघडणार? अंताजी खोताचं पुढे काय झालं ते भिवा सांगत नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणतात, काही झालं नाही, म्हातारा होऊन अंथरुणात मेला.

सरूबाई पुष्कळ जगली. उत्तरेकडच्या एका गावात आपल्या लोकांत राहिली. तिच्या उतारवयात दूरच्या मुलखातून त्यांच्या धर्माचा एक जाणता तिथे आला. पोथ्या घेऊन आला, आणि बुडालेलं सगळं हळूहळू शिकवू लागला. एके दिवशी त्याने सांगितलं, की कुणाचा जीव वाचत असेल तर शनिवार मोडावा. देव त्यावर रागावत नाही. उलट तशीच त्याची आज्ञा आहे. सगळे सरूबाईकडे बघू लागले. तिने न मारलेली ती एक हाक सगळ्यांना ठाऊक होती. ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "आमच्या पोथ्या बुडाल्या व्हत्या. खोताच्या घरी त्याच्या तं व्हत्या." तिच्या भावाच्या वंशातली माणसं अधूनमधून जोती बघायला येतात, त्यांनीच हे गावाला सांगितलं.

आजही त्रिपुरीला सूर्य टेकला, की पणत्या भरून तयार असतात, गाव अंगणात जमतं, आणि गुरव पेटता काकडा घेऊन शेवटच्या पायरीवर उभा राहतो. देवळाकडे पाठ करून, दक्षिणेकडे तोंड करून मोठ्याने विचारतो, "कुनाचा वार मोडतोय का?" ही चाल धाकू गुरवाने पाडली आणि मरेपर्यंत पाळली. विचारल्यावर थांबायचं, काकडा अर्धा जळेपर्यंत. कधी खालच्या मुसलमान मोहल्ल्यातून उत्तर येतं, जरा थांबा, मगरिबचा नमाज होऊ द्या. मग वाजंत्री खाली ठेवतात आणि सगळे थांबतात. एका वर्षी तिथे मय्यत होती, तेव्हा दिवे लागले पण वाद्यं वाजली नाहीत. कुणी हुकूम केला नव्हता. विचारलं, उत्तर आलं, तसं केलं.

हल्ली गावातली काही पोरं कुरकुरतात. मोठे कर्णे आणायचे म्हणतात, शेजारच्या गावांपेक्षा मोठी मिरवणूक काढायची म्हणतात. मागच्या त्रिपुरीला एकाने भिवांना तोंडावर विचारलं, की तेली तर कधीच गेले, त्या जोत्यांकडे तोंड करून आता विचारता कुणाला? भिवांचा काकडा अजून अर्धा जळायचा होता. ते करवंदीच्या जाळीकडे बघत उभे होते.

"होते तेव्हा विचारलं नाही," ते म्हणाले, आणि काकडा जळायची वाट बघत राहिले.