मोरीचा शोध

त्या राज्यातला ओढा स्वच्छ होता. तसं ठरलेलंच होतं, त्यामुळे वादाला जागा नव्हती. पाणी पारखायचं काम बगळ्याकडे होतं. ओढा जिथे खडकातून बाहेर पडतो, तिथे तो रोज सकाळी एका पायावर उभा राही, चोचीने एक थेंब घेई, डोळे मिटी आणि म्हणे, "निर्मळ!" खाली उतरायला त्याला कुणी मनाई केली नव्हती. पण पांढऱ्या पिसांचा मान मोठा, तो उगीच कुठे मळवायचा?

वळणाच्या खाली, ओढ्याच्या अगदी शेवटी एक डोह होता. तिथे साळू बेडकी राहायची. तिची शेपटीवाली पिल्लं त्याच डोहात वाढत होती. पावसाची सर येऊन गेली की त्यातली काही उलटी होऊन तरंगायची, आणि बाकीची तोंडं वर काढून धापा टाकायची. साळू त्यांना मोजायची, पुन्हा मोजायची. दर वेळी तिला वाटायचं, आपलंच काहीतरी मोजायला चुकलं असेल.

शेवटी ती उड्या मारत बगळ्याकडे गेली.

"बगळेराव, जरा खाली या हो. माझ्या लेकरांचं पाणी बघा."

बगळ्याने मान वाकडी केली. "बाई, घाण यायची तर तिला मोरी लागते. मोरी कुठे आहे ते दाखव, मी लगेच येतो. मोरीच नसेल तर घाण येणार कुठून?"

एवढं शहाणं बोलणं साळूला पटलं. ती मोरी शोधायला निघाली.

काठाकाठाने तिने सगळं राज्य पालथं घातलं. मोरी काही सापडली नाही. उतारावर म्हैस रवंथ करत बसली होती आणि तिच्याभोवती शेणाचे पो पडले होते. "शेणाला घाण म्हणतेस?" म्हैस दुखावली. "अगं, शेणाइतकं पवित्र काही नाही!" पुढे रानडुकराने कंदांसाठी सगळी टेकडी उकरून ठेवली होती. ते म्हणालं, "माती आहे ती. माती म्हणजे आपली आई. आईने कधी कुणाचं वाईट केलंय का?" उंदराने धान्याला कीड लागू नये म्हणून बिळाभोवती कडू भुकटी पसरली होती. तो हसला. "चिमूटभर तर आहे, साळूताई! चिमटीने कधी ओढा बाटतो होय?"

सगळे मायाळू. पिल्लं बरी आहेत ना, असं प्रत्येकाने विचारलं. आणि प्रत्येकाने हळूच, "जरा वरच्याला विचारून बघ," असंही सांगितलं. शेणातून, मातीतून, भुकटीतून हिंडून साळूचे पाय मात्र पार लडबडले.

तिने पंचायत बसवायला लावली. बगळा पंच झाला. त्या राज्याची रीत अशी, की शपथ घेण्याआधी ओढ्यात पाय धुवायचे. मळक्या पायांनी खरं बोलता येत नाही म्हणे. त्याप्रमाणे म्हैस, डुक्कर, उंदीर आणि बाकीचं सगळं राज्य पाण्यात उतरलं. शपथेचं काम, म्हणून सगळ्यांनी खुरांच्या फटीसुद्धा घासून घासून धुतल्या. मग रांगेत उभं राहून एकेकाने पाय वर केला. बगळा बघत गेला.

"स्वच्छ. स्वच्छ. अरे वा, लख्ख!"

सगळ्यात शेवटी साळू. ती काठावर आली आणि थांबली. समोरून हिरवट तपकिरी पाणी फेस काढत वळणाकडे चाललं होतं.

"धू की गं पाय," म्हैस प्रेमाने म्हणाली.

"नको. खाली माझी लेकरं आहेत."

सगळी पंचायत खदखदून हसली. "अगं बाई, तुझे पाय केवढे, ओढा केवढा! एवढ्याशाने काय होतंय?"

बगळा खाली वाकला. साळूच्या पायांवर शेण होतं, माती होती, कडू भुकटी होती. पुरावा एके ठिकाणी असा गोळा झालेला त्याने जन्मात पाहिला नव्हता.

"सापडली!" तो म्हणाला. "मोरी सापडली!"

केवढा जल्लोष झाला! निकाल तिथल्या तिथे लागला. यापुढे साळूने ओढ्यात पाय घालायचा नाही. लोक सुटकेचा निःश्वास टाकून, आपापले लख्ख पाय सांभाळत घरी गेले.

साळू कोरड्या दगडांवरून उड्या मारत निघाली. जीव खाऊन धावली. पण पंचायतीच्या पायांचं पाणी तिच्या आधी डोहात पोचलं होतं. वर जाडसर फेस पसरला होता. फेसाखाली काही हलत नव्हतं. मग एका कडेला थोडीशी हालचाल झाली. आईची चाहूल लागून उरलीसुरली पिल्लं फेसातून वाट काढत काठाशी आली आणि तोंडं उघडून तिच्याकडे बघत राहिली.

साळूने खाली आपल्या पायांकडे पाहिलं, आणि ती पाण्यापासून एक पाऊल मागे सरली.