बंद घड्याळ

कुणाला कशाचा नाद लागेल, सांगता येत नाही. एका सद्गृहस्थाला आजोबांच्या मनगटी घड्याळाचा लागला होता. ते बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती, सुटे भाग मिळत नसत. म्हणून हा पठ्ठ्या त्याच बनावटीची जुनी घड्याळं हुडकून विकत घ्यायचा आणि आतलं मशीन काढून डबीत जपून ठेवायचा.

एकदा तो मोठ्या खुशीत आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, घबाडच मिळालं! पलीकडच्या आळीतल्या काकूंनी यजमानांचं घड्याळ भंगाराच्या भावात दिलं. ते गेल्यापासून बंद आहे म्हणाल्या. मशीन काढून पाहिलं, अगदी ठणठणीत!"

"मग बंद कसं?"

"त्यांना तसं वाटलं. मी तिथेच ओळखलं होतं, पण कशाला बोलू?" शिष्य हसला.

गुरुजी हसले नाहीत. "तुझ्या आजोबांचं घड्याळ दोन दिवस माझ्याकडे राहू दे," एवढंच म्हणाले. शिष्य चक्रावला, पण नाही म्हणवेना.

तो परत आला तेव्हा गुरुजींनी घड्याळ पुढे सरकवलं. काटे थांबलेले होते.

"बंद पडलं रे. देऊन टाक भंगारात."

शिष्याने घड्याळ झटकन उचललं. "अहो, भंगारात काय! चावी दिली नसेल तुम्ही. चावी दिली की लगेच..." आणि त्याची जीभ अडखळली. कानशिलं तापली.

"बोल की," गुरुजी शांतपणे म्हणाले. "हेच वाक्य त्या बाईंसमोर तुझ्या ओठांवर आलं होतं, ते तू गिळलंस. तू असत्य बोलला नाहीस, मान्य. पण सांगायचं ते स्वार्थापोटी राखून ठेवलं, तर त्याला चोरीच म्हणतात. आपल्या घरची आठवण चालू राहावी म्हणून दुसऱ्याच्या घरची आठवण तू डबीत भरलीस, बाळा."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जाऊन त्याने ते मशीन पुन्हा घड्याळाच्या केसमध्ये बसवलं, चावी दिली आणि काकूंचं दार वाजवलं. "हे तुमचंच, ठेवून घ्या," तो कसाबसा म्हणाला. काकूंनी घड्याळ कानाशी धरलं. टिकटिक ऐकताच त्यांचे डोळे भरून आले.

"देव भलं करो तुमचं! दुरुस्तीचं किती झालं?"

आताही गप्प बसणं किती सोपं होतं! पण या खेपेला तो बोलला. "काकू, दुरुस्ती कसली? ते बिघडलंच नव्हतं. नुसती चावी द्यायची राहिली होती. मला त्या दिवशीच ठाऊक होतं."

काकूंनी घड्याळ कानापासून खाली घेतलं. मग ते त्याच्यापुढे धरून म्हणाल्या, "चावी रोज हेच द्यायचे. मी कधी हात लावला नाही. कशी देतात, तेवढं दाखवून जा."

त्याने दाखवलं. मान मात्र त्याला शेवटपर्यंत वर करवली नाही.