खुळखुळणारा लाडवाचा डबा

माझं कुणी खरं मानलंच नाही.

मी मुंगी. नाव भागाबाई. आज अक्काच्या लेकीचं बारसं. मी राजगिऱ्याचा लाडू वळला. पानाच्या डब्यात ठेवला. निघाले.

तुरुतुरु तुरुतुरु.

डबा वाजला, खुळ खुळ. लाडू फुटला, भुस्स.

मी म्हटलं, "डब्यानं फोडला."

सगळे म्हणाले, "तू पळालीस, म्हणून फुटला."

या वयात मी कसली पळते.

दुसरा लाडू वळला. गेले पानं शिवणाऱ्या पाखराकडे.

"शिंपीणताई, शिंपीणताई, नवा डबा शिव. बारशाला लाडू जाईना."

"परत? पहिला मीच शिवला ना? आधी मुगाएवढा डबा दाखव. तो वाजला नाही, तर मोठा शिवते."

तुरुतुरु तुरुतुरु. गेले मडकी करणाऱ्या माशीकडे.

"कुंभारीणकाकू, कुंभारीणकाकू, मुगाएवढा डबा घडव. शिंपीणताई डबा शिवेना, बारशाला लाडू जाईना."

"आधी राईएवढा डबा दाखव. तो वाजला नाही, तर घडवते. माती काय फुकट भिजते?"

तुरुतुरु तुरुतुरु. गेले जाळं विणणाऱ्या कोळ्याकडे.

"कोळीमामा, कोळीमामा, राईएवढा डबा विण. कुंभारीणकाकू डबा घडवेना, शिंपीणताई डबा शिवेना, बारशाला लाडू जाईना."

"आधी खसखशीएवढा डबा दाखव. तो वाजला नाही, तर विणतो."

"तो कोण करणार?"

"तोंड चालवतेस, तसे हात चालव."

बसले. माझं मलाच सांगितलं, "भागाबाई, भागाबाई, खसखशीएवढा डबा कर. कोळीमामा डबा विणेना, कुंभारीणकाकू डबा घडवेना, शिंपीणताई डबा शिवेना, बारशाला लाडू जाईना."

चिखल घेतला. डबा केला. आत लाडू म्हणून वाळूचा कण ठेवला. हलवला.

खुळ खुळ. मोडला.

थोडा लहान केला. खुळ खुळ. मोडला. रडले. नाक पुसलं.

अजून लहान केला. कण घट्ट बसला. हलवला.

गप्प.

कोळीमामानं हलवला. गप्प. मग तसाच राईएवढा डबा विणला.

कुंभारीणकाकूनं तो हलवला. गप्प. मग मुगाएवढा डबा घडवला.

शिंपीणताईनं तो हलवला. गप्प. मग लाडवाचा डबा शिवला.

लाडू आत घट्ट बसला. मी निघाले. तुरुतुरु तुरुतुरु. डबा गप्प.

बारशात डबा उघडला. लाडू अख्खा. सगळ्यांनी खाल्ला, कुडुम कुडुम.

मी कमरेवर हात ठेवले. "म्हटलं नव्हतं? डब्याचाच दोष."

"खरं गं," अक्का म्हणाली. "पण पहिला डबा एवढा मोठा झाला कसा?"

सगळे बारशाला आलेल्या शिंपीणताईकडे बघायला लागले.

ती म्हणाली, "मी लाडवाचं माप घेत होते. तर म्हणे, माप कशाला, चांगला ऐसपैस शिव, चारचौघांत उठून दिसेल."

"असं कोण म्हणालं?"

मी तोंडात लाडू कोंबला. शिंपीणताईनं नाव सांगितलंच.

भागाबाई.