घर कसे पडते?

एका डोंगराळ मुलखात एकदा एक वृद्ध स्थपती राहत असे. तरुणपणी त्याने बांधलेली घरे भूकंपात कोसळली होती. त्यानंतर त्याने स्वतः एकही घर बांधले नाही. तो बांधणे शिकवू लागला. त्याच्या शाळेत पुस्तके थोडी आणि माती पुष्कळ. गोट्यांवर ठेवलेली एक फळी, तिला बांधलेली दोरी, आणि फळीवर विद्यार्थ्यांनी अंगठ्याएवढ्या विटांनी रचलेली घरे. दोरीला हिसका दिला की फळी हले, आणि ज्याची चूक त्याला दिसे.

शिवलीला ही त्याची सर्वांत हुशार शिष्या. गावच्या नव्या शाळेचे काम पंच तिला देणार होते. अट एकच होती, तिचा नमुना फळीवर टिकला पाहिजे. महिनाभर खपून तिने तो केला. दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना कवेत घेणारा बांबूचा पट्टा बसवला, कोपऱ्यांत उभ्या काड्या रोवल्या, वर जड छत ठेवले.

पंच जमले. गुरुजींनी दोरी ओढली, पुन्हा ओढली. घर थरथरले, पण एक वीटही निसटली नाही.

"झालं तर मग!" मुख्य पंच उठत म्हणाले. "उद्या पाया खणू."

गुरुजी मात्र थांबले नाहीत. हिसक्यांचा जोर वाढवतच राहिले. अखेर छत सरकले आणि भिंतींच्या आत धाडकन कोसळले.

शिवलीलेचे डोळे भरून आले. "गुरुजी, घर टिकलं होतं. तुम्ही मुद्दाम पाडलंत."

"मुद्दामच पाडलं," गुरुजी म्हणाले. "जमीन किती जोराने हलेल हे तुला ठाऊक नाही, मलाही नाही. म्हणून बांधणाऱ्याने विचारायचं असतं, हे मोडेल तेव्हा कसं मोडेल? माझी घरंही भक्कम होती, मुली. आधी तडकली असती तर माणसं सावध झाली असती. पण घरं एका क्षणात खाली आली. आतल्यांना उंबरा गाठता आला नाही."

शिवलीलेने ढिगारा हाताने बाजूला केला आणि भिंतींचे माथे तपासले. "छत मी नुसतं टेकवलं होतं," ती म्हणाली. "मला आठ दिवस द्या."

आठ दिवसांनी तिने नवा नमुना आणला. जड छताच्या जागी हलका पत्रा होता, आणि तो तारेने पट्ट्याशी जखडलेला होता. गुरुजींनी दोरी तिच्याच हाती दिली. तिने दया न दाखवता ओढली. भिंतींना भेगा पडल्या, गिलावा सुटला, एक कोपरा बाहेर झुकला. छत वाकडे झाले, पण वरच राहिले.

"अहो, हेही मोडलंच की!" मुख्य पंच म्हणाले.

"मोडलं," दोरी खाली ठेवत शिवलीला म्हणाली, "पण तोवर मुलं अंगणात पोचली असती."

पंचांनी काम तिलाच दिले. दुसऱ्या दिवशी पाया खणायला घेतला.

ज्याच्या आसऱ्याला दुसरे राहणार आहेत, ते आधी आपल्या हाताने मोडून पाहावे.