ठकूमायची घोंगडी

ऐका. फार वर्षांपूर्वी, डोंगरातली मोहोरवाडी जेमतेम पन्नास उंबऱ्यांची होती, तेव्हाची ही गोष्ट. तिथं ठकू नावाची ठाकरीण राहायची. उंच कड्यावर आग्या माशांची पोळी लोंबायची, आणि ठकू वेलीच्या दोराला धरून मध काढायची. तो मध साऱ्या गावाचा. बाळंतिणीला आणि आजाऱ्याला आधी.

मग घाटाखालून एक व्यापारी आला. मधाच्या बदल्यात त्यानं पितळी हंडे दिले, जरीची लुगडी दिली. घरं झगमगली आणि गाव पालटलं. कड्यावरचं पोळं माझं की तुझं, यावरून भाऊ भावाशी बोलेना. अबोला धरलेल्याच्या शेजारी बसावं लागेल या रागानं देवळातलं भजन बंद पडलं. म्हाळू पाटलाची सून बाळंतपणात मरणाला टेकली, तर तिला चाटवायला कुणी बोटभर मध दिला नाही. पाटलानं घरातला मधही व्यापाऱ्याला देऊन टाकला होता.

कड्यावर एकच पोळं उरलं, खळ्याएवढं. ते देवाचं म्हणून कुणी हात लावत नसे. पाटील आणि दहा-बारा गडी पेटते पलिते घेऊन तेही उतरवायला निघाले. ठकू त्यांच्या आधी चढली आणि पोळ्यापुढं उभी राहिली.

"ठकू, बाजूला हो," पाटील म्हणाला. "सगळे वाटून घेणार आहोत."

"त्यात तुझ्या सुनेचा वाटा कुठला, म्हाळूदादा?"

पाटलाचा पलिता खाली झुकला. तेवढ्यात एका गड्यानं पलिता फेकलाच!

माशा उठल्या. आभाळ काळं झालं. गडी जीव घेऊन पळाले. ठकूच्या अंगावर मात्र माशा डोक्यापासून पायापर्यंत बसल्या, आणि एकीनंही डंख मारला नाही, असं म्हणतात. ती तशीच, माशांची घोंगडी पांघरून, गावात उतरली. ओंजळीत मध होता. तो तिनं पाटलाच्या सुनेच्या ओठांना लावला आणि सुनेनं डोळे उघडले! मग ठकू घरांपुढून चालत निघाली. तो घुमणारा आवाज ऐकून माणसं बाहेर आली, तिच्यामागं चालू लागली. आपल्या शेजारी कोण चालतंय, याचं कुणाला भानच उरलं नाही. रानाच्या कडेला माशा एकदम उडाल्या. घोंगडीच्या आत कुणीच नव्हतं, असं म्हणतात.

अजूनही चैत्रात मोहोरवाडीत ठकूमायची फेरी निघते. अंगावरचे दागिने उतरवायचे आणि ज्याच्याशी अबोला आहे, त्याचा हात धरून रानाच्या कडेपर्यंत जायचं. तिथं हात सोडायची मुभा असते. गेल्या साली बांधावरून भांडलेले दोन म्हातारे भाऊ गेले होते. ते सोडायचं विसरले.