रखमाजीने घर सोडलं

एक गाव होतं. प्रत्येक गावाच्या वाट्याला एक भोळा येतो, तसा याच्याही वाट्याला आला होता. नाव रखमाजी. सांगितलं तेवढं तो करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. म्हणून गाव त्याला काही सांगायलाच घाबरायचं.

त्याचं घर टेकडीवर. मातीच्या भिंती, वर पत्रा. बायको तानूबाई, तिचे गुडघे पार गेलेले. रोज चढता-उतरता ती देवाला आणि नवऱ्याला सारख्याच शिव्या घालायची. खाली फाट्याजवळ कासारकाकूंचं दोन खोल्यांचं घर विकायला निघालं होतं. वरचं विकलं तर ते घेता येणार होतं. तानूबाईला आता दुसरं काही नको होतं. खाली राहायचं, बस्स.

पण घरांचा बाजार मंदावलेला. पूर्वी नुसती पाटी लावायचा अवकाश, लोक भांडत यायचे. आता यायचे, भिंतीवर टिचक्या मारायचे, चहा प्यायचे आणि घरी विचारून सांगतो म्हणून जायचे. तानूबाई पापड लाटायला खाली जायची, तेव्हा घरी रखमाजी एकटाच. जाताना तिने बजावलं, "गिऱ्हाईक आलं की सोडायचं न्हाई."

पहिले आले शाळेतले ढमाले गुरुजी. ते आत शिरले तशी रखमाजीने बाहेरून कडी घातली आणि दारात बसला. गुरुजींनी घर पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. दुपारी दार वाजवून पाहिलं. रखमाजी बाहेरून म्हणाला, सोडायचं नाही असं सांगितलंय. दिवेलागणीला तानूबाई आली, तेव्हा गुरुजी चुलीपुढे बसून स्वतःच भाकरी थापत होते.

तानूबाईने कपाळावर हात मारून घेतला.

"अवो, माणसाला असं कोंडत्यात व्हय? उलट सोडाय जायचं असतं. पार फाट्यापत्तुर."

रखमाजीला पटलं. त्याला सगळंच पटायचं.

दुसरं गिऱ्हाईक तालुक्याहून आलं. जाडजूड कापडवाला, टेकडी चढून पुरता घामाघूम झालेला. उंबऱ्याला त्याचा पाय लागतो न लागतो, तोच रखमाजीने त्याची पिशवी घेतली, दंड धरला आणि त्याला खाली चालवत नेलं. घर बघायचंय हो, घर बघायचंय, असं तो फाट्यापर्यंत म्हणत होता. रखमाजीने त्याला एसटीत बसवलं, कंडक्टरला तिकिटाचे पैसे दिले आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. मग घरी येऊन मोठ्या समाधानाने जेवला.

आता मात्र तानूबाईने बापूला बोलावलं. बापू घरांचे सौदे जुळवायचा. त्याने रखमाजीला समोर बसवून बाजार समजावला.

"आता पयल्यावानी न्हाई. घेणाराबी अडलेला, इकणाराबी अडलेला. दोन्ही पारडी सारखी. म्हणून थोडं आपण सोडायचं, थोडं ते सोडत्यात. मग जमतंय."

रखमाजीने मान डोलावली.

तिसऱ्या खेपेला मोटारसायकलवरून एक तरुण जोडपं आलं. त्यांना घर आवडलं. परड्यातला शेवगा तर फारच आवडला. किमतीत थोडं काही सोडा, असं नवरा म्हणाला. रखमाजी हसत उठला, गोठ्यात गेला आणि म्हैस सोडली. म्हैस निघून गेली. मग त्याने खुराडं उघडून कोंबड्या सोडल्या.

"आता तुमी सोडा," तो म्हणाला.

ती दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. माणसं लाजतात, असं रखमाजीला वाटलं. म्हणून त्यांच्या वतीने त्यानेच त्यांची मोटारसायकल सोडली. स्टँड काढायचाच अवकाश होता, उतार तयारच होता. गाडी एकटीच खाली गेली आणि कासारकाकूंच्या उकिरड्यात जाऊन बसली.

म्हैस चार दिवसांनी सापडली. ते गिऱ्हाईक काही सापडलं नाही.

तानूबाई त्या रात्री रडली. कासारकाकू तरी किती थांबणार? त्यांनाही मुलाकडे जायचं होतं.

आणि अशात ढमाले गुरुजी परत आले. त्यांचं म्हणणं, मी बरीच घरं बघितली, पण इतकं निवांत बसून बघितलेलं हे एकच. घर त्यांना पसंत होतं. फक्त पंचवीस हजार कमी करा म्हणाले. रखमाजी विचारात पडला. विचाराची सवय नसल्याने त्याला घाम फुटला. बापूने त्याला बाजूला घेतलं.

"आता ताणू नगंस. पंचवीस हजारांवर पाणी सोड आन् मोकळा हो."

तानूबाईनेही होकार दिला आणि ती तडक खाली कासारकाकूंकडे गेली. त्यांच्या अंगणात पाय पसरून बसली आणि बऱ्याच दिवसांनी चहा गोड लागला म्हणाली. बापू कागदपत्रांच्या मागे लागला. गुरुजी शाळा सुटल्यावर बयाणा घेऊन वर आले. नेमके पंचवीस हजार.

रखमाजीने ते ओसरीवर ठेवायला सांगितले. गुरुजींना त्याने अदबीने लांबच्या जांभळाखाली नेऊन उभं केलं, वर दोन फांद्या चढून बसलात तर बरं, असंही सुचवलं.

घराच्या बरोबर मागे, टेकडीच्या माथ्यावर, गावची पाण्याची टाकी होती. तिची चावी फिरवायचं काम पंचायतीने रखमाजीलाच दिलेलं, कारण त्यात डोकं लागत नाही. गावाला पाणी सोडायचा एक लहान नळ होता. टाकी धुवायच्या वेळी उघडायचा एक मोठा होता. रक्कम मोठी आहे, असा विचार करून रखमाजीने मोठा उघडला.

खाली तानूबाई कपात दुसरा चहा ओतून घेत होती. आधी अंगणात पाणी आलं. मागून पत्रा आला. मग चौकट आली, तिच्यात दार होतं आणि दाराला कडीही होती. मग चूल, पाटा, देवांचा कोनाडा आणि शेवटी भिंतींचा सगळा चिखल. जेवढं घर उरलं होतं, तेवढं कासारकाकूंच्या कुंपणाला टेकून थांबलं. वर जांभळावरून गुरुजी काहीतरी ओरडत होते, पण ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

चिखल तुडवत रखमाजी धावत आला. नखशिखांत भिजलेला आणि लग्नातसुद्धा दिसला नव्हता इतका खुशीत. तानूबाई धडपडत उठायला लागली, तसा त्याने तिला खांदा धरून मायेने खाली बसवलं.

"बस, बस. आता तुला चढाया नगं. घरच खाली सोडलंय."