खाली ओढणारं मत

“...पण बुवा, नियमातच बसतं म्हटल्यावर ते पाप कसं?”

नागोबुवांनी मान वर केली नाही. पुढ्यातल्या चिंचेवर हातोडी हलकेच मारली, चिंचोका बाजूला सारला, गर टोपलीत टाकला.

“पाप म्हनलं कोन?”

“कुणी नाही. मीच विचारतोय.”

“मग ज्यानं विचारलं त्यालाच ठावं आसंल.”

पद्माकर टेंकाळे जरा चाचपडला. तालुक्याला शिकवणीचे वर्ग चालवणारा माणूस. चहावाल्यापासून तहसीलदारापर्यंत सगळे त्याला ‘सर’ म्हणत. प्रश्न विचारायचा तो त्यानं आणि उत्तर द्यायचं ते समोरच्यानं, अशी वर्षानुवर्षांची सवय. माळावरच्या या मठात मात्र गोष्ट उलटी व्हायची. लहानपणी वडिलांचं बोट धरून यायचा, तेव्हाही बुवांनी त्याला कधी सरळ उत्तर दिलं नव्हतं.

“नीट सांग,” बुवा म्हणाले. “तू लिवतोस. मग?”

“मोबाइलवर एक जागा आहे, बुवा. तिथे लेख टाकायचा. लोक वाचतात, मत देतात. मत पडलं की नाणी मिळतात.”

“दाव की एखादं नाणं.”

“दाखवता येत नाही. आभासी असतं ते.”

“हं...”

“पण बाजारात विकता येतं!”

“मी कुटं न्हाई म्हनलं?” बुवांनी पुढची चिंच घेतली. “समद्यांची मतं सारखीच का?”

“नाही. ज्याच्या गाठीला नाणी जास्त, त्याच्या मताला वजन जास्त. बड्या धेंडांना तिथे देवमासे म्हणतात. देवमाशाचं एक मत पडलं तर आमच्यासारख्यांची शंभर मतं फिकी.”

“आपल्या सोसायटीच्या निवडणुकीवानीच हाय की रे!”

पद्माकरला हसू आलं नाही. हसण्याच्या मनःस्थितीत तो आलाच नव्हता.

मोबाइलवरच्या या जागेवर तो आला तो मोठ्या उमेदीनं. आजवर जिल्ह्याच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीनं त्याचे लेख साभार परत केले होते. इथे परत करणारं कुणी नव्हतं. त्यानं पहिला लेख टाकला तो काळाच्या स्वरूपावर. दुसरा, माणूस आणि यंत्र यांच्या संबंधावर. लेख असे की वाचणाऱ्यानं मध्ये एकदा उठून पाणी प्यावं. त्यावर जे मिळालं त्यात चहा आला असता, बिस्किटं आली नसती.

त्याच आठवड्यात तिथे आणखी एक नवखी आली. रेवती साने नावाची कुणी बाई, कोकणातल्या कुठल्याशा गावची. ती गॅलरीतल्या कुंड्यांबद्दल लिहायची. आज मिरचीला फूल आलं. आज मुंग्या झाल्या. खाली एक फोटो, कठड्यावर ठेवलेल्या चहाचा. बस. एवढंच!

आणि एका देवमाशाची नजर तिच्यावर गेली. मग दुसऱ्याची गेली. नाण्यांचा नुसता पाऊस.

सरळच सांगायचं तर पद्माकर जळत होता. सकाळी दात घासायच्या आधी तो स्वतःचं पान उघडायचा नाही, तिचं उघडायचा. बायकोच्या वाढदिवसाला हॉटेलात बसून त्यानं टेबलाखाली तिचंच पान उघडलं होतं. बायकोनं मोबाइल हिसकावून घेतला, कोण बया आहे ते बघायला. बघते तर वांग्याचं रोप! ती बिचारी पोट धरधरून हसली. त्याला मात्र घास गिळेना.

“तिथे वर नेणारं मत असतं तसं खाली ओढणारंही असतं,” तो म्हणाला. “कुणाला लायकीपेक्षा जास्त मिळतंय असं वाटलं तर ओढायचं. ओढलेलं माझ्या खिशात येत नाही हो, सगळ्यांच्या सामाईक हंड्यात परत जातं. मग यात माझा स्वार्थ कुठे आला?”

“तुज्या मताला येवढं वजन हाय व्हय?”

पद्माकरनं नजर चुकवली.

“भाड्यानं घेतलंय.”

“काय?”

“वजन. तिथे भाड्यानं मिळतं. आजवर जेवढी नाणी जमली होती तेवढी सगळी घातली.”

बुवांची हातोडी थांबली.

“म्हंजे तुजं समदं घालवून तिचं कमी करायलास.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे, बुवा!”

“आसंल.”

हातोडी पुन्हा चालू झाली.

“एकदा का ओढलं ना,” पद्माकरचा आवाज चढला, “की देवमासेही सावध होतात. वादातल्या माणसाला कुणी मत देत नाही. आठ दिवसांत गाशा गुंडाळेल बघा.”

“मग ओढ की. माज्याकडं कामून आलास?”

मोटारसायकलला किल्ली लावली तेव्हा तो वर्गावर निघाला होता. आला मठावर.

“लेख टाकल्यापासून आठवडाभर मतं पडतात, मग हिशेब बंद. तिच्या ताज्या लेखाचा हिशेब आज दिवेलागणीला बंद होतोय. त्याआधी ओढलं तर ओढलं.”

“दिवेलागन लांब हाय.” बुवांनी चिंचांचा एक ढीग त्याच्याकडे सरकवला. वर एक जास्तीची हातोडी ठेवली. “तवर ह्या फोड.”

आता बुवांना नाही कोण म्हणणार? पद्माकरनं मोबाइलवर गजर लावला, तो कोनाड्यात ठेवला आणि बाह्या वर केल्या. थोड्याच वेळात त्याची दहाही बोटं चिकट झाली.

“काय लिवलंय तिनं येवढं?”

“काही नाही हो. गवती चहा लावलाय कुंडीत. त्याचं कौतुक.”

“आन् त्याच्या आदी?”

“जास्वंदीला पांढरी कीड लागली. मग ती कडुनिंबाचं पाणी मारत बसली.”

“त्याच्या आदी?”

“शेजारच्यांनी कढीपत्ता ओरबाडून नेला. त्यावर अख्खा लेख! चोरी झाली तरी बाई खूश, कारण काय, तर त्यांनी आमटी आणून दिली. त्याच्या आधी पालकाचं बी उगवलं नाही. त्याच्या आधी तिनं फुटक्या बादलीत पुदिना लावला...”

पद्माकर बोलत सुटला. कुठली कुंडी कठड्याच्या कोणत्या कोपऱ्यात, मिरचीचं बी कुणी दिलं, कोणत्या दिवशी माकडं आली, सगळं सांगू लागला. कुचकटपणे सांगत होता, पण सांगत होता. काळाच्या स्वरूपावर स्वतःच काय लिहिलंय हे त्याला एवढं धड सांगता आलं नसतं.

बुवा मधूनच म्हणत होते, “मग?”

“मग काय! खाली तोच तो फोटो. दोन कप चहा. त्यातला एक कानाशी चिरलेला. लोक फोटोत ठेवायला चांगलं काही शोधतात, हिला चिरलेला कप सापडतो. शिवाय चहात साखर अगदी चिमूटभर. का, तर म्हणे घरात एकाला चालत नाही, म्हणून सगळ्यांनाच सवय लागली. हे काय लिहिण्यासारखं आहे? आणि या वेळी बघा, गवती चहाची कृती दिलीय, त्यात चांगली दोन चमचे साखर. स्वतःचंच लिहिलेलं हिच्या ध्यानात राहत नाही आणि लोक...”

तो थांबला.



“...या वेळी कप एकच आहे,” पद्माकर म्हणाला.

“कोनता?”

“धड असलेला. चिरलेला नाही.”

“कवापासून?”

पद्माकरनं आठवून पाहिलं. आठवायला त्याला फार वेळ लागला नाही.

“जास्वंदीच्या वेळी दोन होते. त्यानंतर मध्ये काही दिवस तिनं काही लिहिलंच नाही. आणि आता हा गवती चहा...”

“लिवलं न्हाई तवा तुला काय वाटलं?”

त्यानं चिंचोके एकमेकांवर सारले.

“बरं वाटलं होतं.”

“हं...”

“वाटलं, आटलं हिचं एकदाचं.”

वारा आला तशी टरफलं ओसरीभर पांगली. ती गोळा करायला कुणी उठलं नाही.

“कुनाचा व्हता त्यो कप?”

“तिनं कधी सांगितलं नाही. वडिलांचा असेल. नाहीतर... काय माहीत. नाव कधीच घेतलं नाही तिनं. नुसता कप असायचा.”

“लोकांनी इचारलं आसंल की आता.”

पद्माकरला तिच्या लेखाखालचे सगळे अभिप्राय पाठ होते. जळणाऱ्या माणसाला हे करावंच लागतं. ‘छान पोस्ट.’ ‘सुंदर फोटो.’ ‘खूप माहितीपूर्ण.’ ‘मलाही फॉलो करा.’ आणि तीच ती अभिनंदनं, चार वेगवेगळ्या यंत्रांनी चिकटवलेली.

“नाही,” तो म्हणाला.

“येवढी मतं पडली म्हनलास.”

“मतं यंत्र टाकतं, बुवा. देवमासे कशाला वाचतात! त्यांनी लावून ठेवलंय. तिचं नाव दिसलं की आपोआप मत पडतं. पाठोपाठ बाकीचे टाकतात, देवमाशाच्या मागे मत टाकलं की त्यांनाही चार नाणी सुटतात म्हणून. उघडून कुणी बघत नाही.”

“कुनीच न्हाई?”

पद्माकरनं हातातली हातोडी खाली ठेवली.

खरं म्हणजे हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. ‘वाचत कुणी नाही, तरी हिला मिळतं’ हेच तर त्याचं मोठं गाऱ्हाणं होतं, चारचौघांत तो तेच सांगत फिरायचा. तेच वाक्य आज त्याच्यावर उलटलं. हिच्या घरातलं एक माणूस गेलं की काय झालं, कुणास ठाऊक, आणि ते कळायला साऱ्या जगात त्याच्यासारखा खुनशी माणूस लागावा, याची त्याला लाज वाटली. अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत लाज वाटली.

कोनाड्यात गजर वाजला.

त्यानं हातांकडे पाहिलं. चिंचेच्या रबरबाटानं बोटं एकमेकांना चिकटली होती.

बुवा गुडघ्यावर हात टेकत उठले. घागरीतून तांब्या भरून आणला आणि त्याच्यासमोर धरला.

“हात पुढं कर.”

“बुवा...”

“धू म्हनलं ना. मत टाकायचंय न्हवं तुला? टाईम हाय आजून.”

ते पाणी ओतत राहिले, तो हात चोळत राहिला. मग स्वतःच्या उपरण्याचं टोक त्यांनी पुढे केलं. त्यानं हात कोरडे केले, मोबाइल घेतला, तिचं पान उघडलं. खाली ओढणाऱ्या मताचा बाण तिथेच होता, बोटापासून तसूभर.

बोट बाणावर गेलं नाही. ते फोटोवर गेलं. दोन बोटांनी त्यानं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. कठडा, ओली माती, गवती चहाची पाती. एक कप. त्याच्या शेजारी, जिथे दुसरा असायचा, तिथे तिनं काहीच ठेवलं नव्हतं. जागा तेवढी सोडली होती.

तो बघत राहिला. मठात दिवा लागला. बुवांनीच लावला. हिशेब बंद झाला तेव्हा पद्माकर अजून फोटोच बघत होता.

त्यानं फोटोखालची अभिप्रायाची चौकट उघडली. काय लिहावं ते सुचेना. शेकडो शब्दांचे लेख बसल्या बैठकीला लिहिणारा माणूस, त्याला एक ओळ जमेना.

“सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं,” तो म्हणाला. “नाही वाटत. आता या क्षणीसुद्धा वाटतंय, बुवा, की हिलाच का मिळावं? तिच्यासाठी जीव तुटतोय आणि तरी जळतोय. उद्या सकाळी उठून मी पुन्हा तिचंच पान उघडणार. मला माहितेय ना!”

बुवा परत चिंचांपाशी येऊन बसले.

“वर्ष होत आलं या आगीला. तुम्ही म्हणाल ते करतो. जप सांगा, उपास सांगा. हा मत्सर मला सोडायचाय.”

नागोबुवांनी एक चिंच उचलली, दिव्याच्या उजेडात उलटीपालटी करून पाहिली आणि हातोडी न मारताच खाली ठेवली.

“सोडू नको, बाबा. तूबी सोडलास, तर त्या लेकीचं वाचंल कोन?”